मुलगा तोंड उघडं टाकून झोपतो, घोरतो. यात दातांचे डॉक्टर काय करणार?

तुम्ही लिहिलंय की मुलगा ९ वर्षांचा आहे, रात्री तोंड उघडं टाकून घोरतो, आणि शाळेतल्या दंततपासणीत 'टाळू अरुंद आहे, श्वासाचं बघून घ्या' असं सांगितलं. दातांचा श्वासाशी काय संबंध, की तार लावायला लावायचा हा बहाणा, असा तुमचा प्रश्न. मी नाशिकला सिडकोत दातांचा दवाखाना चालवते, तेव्हा बहाण्याची शंका मला रोजची आहे, आणि ती रास्तही आहे. पण तपासणाऱ्याने बोट बरोबर जागी ठेवलंय.

टाळू हे खालच्या खोलीचं छत आणि वरच्या खोलीची फरशी आहे. खाली तोंड, वर नाक. टाळू अरुंद आणि उंच राहिला की नाकातली जागाही कमी होते. आणि टाळू रुंद कोण करतं? बरंचसं काम जीभ करते. तोंड मिटलेलं असताना ती वर टाळूला टेकून असते आणि वरच्या जबड्याला आतून आधार देते. नाक चोंदलेलं असलं की मूल तोंडाने श्वास घेतं, जीभ खाली पडते, बाहेरून गालांचा दाब तेवढा उरतो. मग वरची कमान निमुळती होते, पटाशीचे दात पुढे येतात, कधी वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात. अशा मुलांच्या वरच्या पुढच्या हिरड्या लाल, सुजलेल्या दिसतात. ब्रश नीट केला तरी. रात्रभर हवा लागून त्या सुकतात. ओठ फुटलेले असतात ते वेगळंच. निफाडकडून थंडी यायला लागली की आया व्हॅसलीन लावून मोकळ्या होतात.

घरी एक करून बघा. सर्दी नसताना त्याला घोटभर पाणी तोंडात धरून, ओठ मिटून दोन-तीन मिनिटं टीव्ही बघायला सांगा. आरामात बसला तर नाक चालतंय, तोंड उघडं ठेवणं ही सवय असू शकते. चुळबुळ करून पाणी गिळून टाकलं किंवा थुंकलं तर नाकात अडथळा असण्याची शक्यता जास्त. हे निदान नाही, अंदाज आहे.

आता मुद्द्याचं. आधी नाक, मग जबडा. पहिली फेरी माझ्यासारखीकडे नाही, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मारा. या वयात नाकाच्या मागच्या गाठी म्हणजे ॲडेनॉइड आणि घशातले टॉन्सिल वाढलेले असणं अगदी नेहमीचं, नाहीतर ॲलर्जी. ॲडेनॉइड वयात येताना आक्रसतात हे खरं, म्हणून 'मोठा झाला की जाईल' असं घरातले म्हणतात. पण तोवर चेहऱ्याची वाढ थांबून राहत नाही. श्वास मध्येच अडकतो, अंथरूण ओलं होतं, घामाने उशी भिजते, शाळेतून 'लक्ष नाही, एका जागी बसत नाही' अशी तक्रार येते, यातलं काही असेल तर उशीर नको. मुलं झोप कमी पडली की पेंगतातच असं नाही, उलट जास्त उड्या मारतात.

नाक मोकळं झाल्यावरही टाळू अरुंद असेल तर आमचं काम. टाळू रुंद करणारी प्लेट वरच्या दाढांना बसवतात, मध्ये स्क्रू असतो, घरी किल्लीने फिरवायचा. एका वळणाला साधारण पाव मिलिमीटर. टाळूच्या मधला सांधा लहानपणी जुळून आलेला नसतो, म्हणून हे वयात येण्याआधी सोपं जातं. मोठेपणी त्यासाठी शस्त्रक्रिया लागू शकते. काही दिवसांत वरच्या दोन पटाशीच्या दातांमध्ये चांगली फट पडते आणि आयांचे घाबरून फोन येतात. फट पडली म्हणजे सांधा उघडतोय. ती बहुधा आपोआप मिटते. प्लेट मात्र पुढे काही महिने तशीच ठेवावी लागते, नाहीतर जागा परत आकसते.

टाळू मुळात पुरेसा रुंद असेल आणि कोणी केवळ घोरण्यासाठी प्लेट सुचवत असेल, तर दुसरं मत घ्या. आणि रीलमध्ये दाखवतात तशी तोंडाला चिकटपट्टी लावून झोपवू नका, नाक चोंदलेल्या मुलाला तर अजिबातच नको.

खर्चाचं विचारलंत. पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचं दंत महाविद्यालय आहे, आडगावला मराठा विद्या प्रसारक संस्थेचं (मविप्र) वैद्यकीय महाविद्यालय. खाजगीपेक्षा पैसे कमी लागतात, रांगेची तयारी ठेवून जा.

शेवटी तुम्ही जाता जाता यजमानांच्या घोरण्याचंही लिहिलंय. त्यांना आधी झोपेची तपासणी. तासाला ५ ते १५ वेळा श्वास अडत असेल तर सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. सौम्य-मध्यममध्ये रात्री खालचा जबडा पुढे धरणारं, मापाने बनवलेलं उपकरण आम्ही देऊ शकतो, पण त्याला दात आणि हिरड्या मजबूत लागतात आणि पुढे चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, थोडा बदलू शकतो. तीव्र असेल तर झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या मशीनला (सीपॅप) शक्यतो पर्याय शोधू नका. मुलांच्या बाबतीत मात्र हे आकडे लावू नका, त्यांच्यात तासाला एकाच्या वर गेलं तरी डॉक्टर दखल घेतात.

डॉक्टरांकडे जाण्याआधी मुलगा गाढ झोपलेला असताना अंगातला शर्ट काढून मोबाइलवर व्हिडिओ घ्या, आवाजासकट. छाती आत ओढली जाते का ते त्यात दिसतं.