नेस्टिंग टेबल घ्यावं का?

नेस्टिंग टेबल म्हणजे एकाच्या पोटात दुसरं जाणारी टेबलं. वन बीएचके असेल तर जरूर घ्या, पण तीनचा सेट घ्यायची घाई नको. मुंबईतल्या हॉलमध्ये एक मोठा सेंटर टेबल ठेवला की रात्री गाद्या घालायला जागा उरत नाही. अशी दोन टेबलं एका टेबलाच्या जागेत मावतात आणि गणपतीत पाहुणे आले की चहाचे कप, फराळाच्या बशा ठेवायला दोन ठिकाणं मिळतात. तिसरं, सर्वांत लहान टेबल मात्र बहुतेक घरांत आतच बसून राहतं.

ही कल्पना जुनी आहे. बाउहाउस या जर्मनीतल्या कला-डिझाइन शाळेत जोसेफ अल्बर्स या कलाकाराने 1926-27च्या सुमारास रंगीत काचेच्या चार टेबलांचा सेट केला होता, त्या रचनेची टेबलं आजही बनतात.

खरी काळजी घ्यायची ती मालाची. आपल्याकडच्या पावसाळ्यात पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) कडेने ओल शोषून फुगतं, आणि मग आतलं टेबल बाहेर निघता निघत नाही. सागवान, शिसम किंवा पावडर कोटिंग केलेली लोखंडी फ्रेम बघा. जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर मार्केटमध्ये जाऊन टेबल स्वतः आतबाहेर करून पाहा, फोटोवर विसंबू नका. पायांना खाली रबर किंवा फेल्ट हवंच, नाहीतर लादीवर ओरखडे आणि खालच्यांची तक्रार. मोठ्याची उंची सोफ्याच्या बैठकीइतकी, फार तर दोन इंच वर. घरात रांगतं बाळ असेल तर काच आणि टोकदार कोपरे टाळा, गोल घ्या.