मुलगा दिवसभर मेटल ऐकतो, काळजी करायची का?

"मॅडम, ते गाणं नाहीये हो, नुसतं ओरडणं आहे, आणि हा दार लावून तेच ऐकत बसतो, डोक्यावर काही परिणाम तर नाही ना होणार?" मी समुपदेशक आहे, आणि मेटल म्हणजे जड गिटारचं, कर्कश वाटणारं रॉक संगीत ऐकणाऱ्या मुलांबद्दल हा प्रश्न मला सतत येतो, कधी आईकडून कधी आजोबांकडून, आणि काळा टीशर्ट, कवटीचं चित्र, बंद दार हे त्यात ठरलेलं असतं. म्हणून एक केस लिहिते. मुलाची आणि घरच्यांची परवानगी घेतलीये, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगा अकरावी सायन्सला. बाबा भोसरीला कारखान्यात, पत्रा दाबून घडवणाऱ्या मशीनच्या प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर, आई घरून डबे देते. आईला त्याच्या मोबाईलवर 'भयानक मौत' असं नाव दिसलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली, दुसऱ्याच दिवशी दोघं त्याला घेऊन आले. तो मुंबईतला एक मेटल बँड आहे, बऱ्यापैकी नावाजलेला, पण हे आईला कोण सांगणार, मुलगा घरात चार शब्द बोलत नव्हता. मार्क पडलेले, रात्री दोन-दोनपर्यंत जागरण, जेवायला हाक मारली की "नंतर".

मी आईबाबांना बाहेर बसवलं आणि त्याला म्हटलं, तुला आवडतं ते मला कळेल असं सांग, मला यातलं फार कळत नाही. तो आधी गप्प होता, मग मी विचारलं की मेटालिका या अमेरिकन मेटल बँडचा सगळ्यात भारी अल्बम कुठला, आणि पोरगा जो सुटला!

म्हणाला मॅम, लोक 1991 च्या काळ्या कव्हरच्या अल्बमला शिव्या घालतात, म्हणतात विकले गेले, रेडिओसाठी गाणी सोपी केली, पण साउंड ऐका ना, बॉब रॉक प्रोड्यूसर होता, ड्रम छातीत वाजतात. गाणी म्हणून 1986 चा 'मास्टर ऑफ पपेट्स' वरच, त्यात वाद नाही, पण त्याच वर्षी स्वीडनमध्ये बसच्या अपघातात त्यांचा बेस वाजवणारा क्लिफ बर्टन गेला आणि पुढच्या 1988 च्या अल्बममध्ये नवीन आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बेस (खालच्या स्वरांची गिटार) मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र करताना, इतका खाली दाबला की ऐकूच येत नाही, असलं कोण करतं? 2003 च्या 'सेंट अँगर'मध्ये तर स्नेअर ड्रम पत्र्याचा डबा बडवल्यासारखा. मग त्याने मोबाईल काढून 2008 च्या 'डेथ मॅग्नेटिक'ची वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख दाखवला, स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत सगळं भरलेलं, उतार कुठेच नाही, म्हणजे मोठ्या आवाजाच्या नादात हळू आणि जोरात यातला फरकच मारून टाकलाय. त्याच गाण्यांची 'गिटार हीरो' गेममधली आवृत्ती त्याने शेजारी लावली. मी दोन्ही ऐकली, आणि खरंच, गेममधल्या आवृत्तीत ड्रमचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येत होता. या वयात इतकं बारीक ऐकणारा मुलगा माझ्यासमोर बसलाय हे मला तेव्हा फार जाणवलं.

ओपेथ या स्वीडिश मेटल बँडबद्दलही असंच. आईला जे 'ओरडणं' वाटतं ते ग्रोल, घशातल्या मुख्य स्वरपट्ट्यांच्या वरच्या पडद्यांना कंप देऊन काढतात, शिकून घ्यावं लागतं, नाहीतर गळ्याची वाट लागते. त्यांचा गायक मिकाएल ओकरफेल्ट 2001 च्या 'ब्लॅकवॉटर पार्क'मध्ये एकाच गाण्यात ग्रोल करतो आणि मग एकदम मऊ आवाजात गातो. 2011 च्या 'हेरिटेज'पासून त्यांनी ग्रोल सोडला तेव्हा चाहते चिडले होते, 2024 च्या अल्बममध्ये तो परत आला. याचं मत असं की 'हेरिटेज' वाईट नाही, पण ग्रोल नसला की मऊ भागाची किंमत कमी होते. मला हे पटलं.

आता मुद्द्याचं. त्याने मला एक वही दाखवली. शंभर पानी, त्यात प्रत्येक अल्बमवर अर्धं-एक पान, गिटारचा टोन कसा, मिक्स कसं, कुठलं गाणं उगाच लांबवलंय, शेवटी दहापैकी मार्क. नववी-दहावीची पानं ठासून भरलेली आणि गेल्या दिवाळीपासून एकही ओळ नाही. ऐकणं मात्र त्यानंतरच वाढलेलं. मी विचारलं, लिहायचं का थांबवलंस, तर म्हणाला कुणाला दाखवू, ज्याच्याशी भांडायचो तो नाशिकला गेला.

आईबाबा घाबरले होते ते आवाजाला. मला काळजी वाटली ती त्या कोऱ्या पानांची. जो पोरगा या अल्बमवरून त्या अल्बमवर उड्या मारतो, चिडतो, मार्क देतो, वाद घालतो, त्याचं मन जागं असतं, मग तो कितीही भयंकर नावाचा बँड ऐकेना. मत देणं थांबलं, एकच गाणं पुन्हा पुन्हा लागतंय, आवडतं का विचारलं तर "माहीत नाही", तिथे मी सावध होते.

म्हणून थेट विचारलं, वाईट दिवस असला की काय लावतोस? त्याने 1984 च्या 'राइड द लाइटनिंग'मधलं एक गाणं सांगितलं, जगण्याचा कंटाळा आलेल्या माणसाचं. मी म्हटलं, तुला कधी असं वाटलंय का, मरून जावं, स्वतःला काही करावं? (असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात विचार घुसतो ही भीती काढून टाका, विचारल्याने उलट मुलं मोकळी होतात.) तो बराच वेळ खाली बघत होता, मग म्हणाला दिवाळीनंतर कधी कधी वाटायचं सकाळ होऊच नये, करायचं असं काही ठरवलं नव्हतं, आणि ते गाणं लागलं की वाटायचं अजून कुणालातरी असंच वाटलंय. हे त्याने घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याच्याशी बोलून, त्याच्यासमोरच आईबाबांना सांगितलं, आणि डिप्रेशनची नीट तपासणी व्हावी म्हणून सायकियाट्रिस्टकडे पाठवलं.

मग गाणी बंद करायची का, हे बाबांनी विचारलंच. मी नाही म्हटलं. संगीतावर ठपका ठेवणं जुनं आहे, अमेरिकेत नेवाडातल्या रीनो शहरात दोन तरुणांच्या आत्महत्येच्या प्रयत्नावरून ज्युडास प्रीस्ट या मेटल बँडवर खटला झाला होता, 1990 मध्ये निकाल बँडच्या बाजूने लागला. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाने असलं टोकाचं संगीत ऐकणाऱ्या 39 जणांना आधी रागाच्या आठवणी काढायला लावल्या आणि मग काहींना त्यांचंच संगीत ऐकवलं, त्यांचा राग भडकला नाही, उलट त्यांना उत्साही वाटलं. अभ्यास छोटा आहे आणि सगळे 18 ते 34 वयाचे होते, त्यामुळे प्रत्येक मुलाला तो लावू नका. पण एकटा पडलेल्या मुलाची गाणी काढून घेतली की त्याचा होता तो आधार जातो आणि एकटेपणा तसाच राहतो, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

बाबांना मी एकच काम दिलं, उपदेश न करता त्याच्याकडून एक अल्बम समजून घ्या. मुलाने ब्लॅक सॅबथ या इंग्लंडच्या जुन्या मेटल बँडचा 1970 चा पहिला अल्बम निवडला आणि त्यांचा गिटारवादक टोनी आयोमीची गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅमचा 17 वर्षांचा पोरगा, शीट मेटलच्या कारखान्यात नोकरीचा शेवटचा दिवस, प्रेस हातावर आला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे 1971 च्या तिसऱ्या अल्बमपर्यंत गिटार खालच्या स्वरात उतरवली म्हणजे तारा आणखी सैल. मेटलचा तो जड आवाज बराचसा तिथून आलाय.

बाबा इतका वेळ हाताची घडी घालून बसलेले. एकदम म्हणाले, "काय रे, प्रेसला गार्ड नव्हतं? आमच्याकडे दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खालीच येत नाही." आणि मग बाप-लेक माझ्यासमोर प्रेस, गार्ड, तुटलेली बोटं यावर कितीतरी वेळ बोलत बसले, मी मध्ये पडलेच नाही.

पुढे औषधं आणि सेशन दोन्ही चालू राहिलं, झोप सुधारायला वेळ लागला. बाबांना सॅबथ आवडतो, ग्रोल अजूनही सहन होत नाही आणि ते तसं स्पष्ट सांगतात, मुलगा वाद घालतो. आईला त्याने ओपेथचा 2003 चा 'डॅम्नेशन' दिला, त्यात ग्रोल अजिबात नाही, ती डबे भरताना लावते.

आईबाबांनो, कानांची काळजी मात्र जरूर करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसांसाठी 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास ही मर्यादा आहे, मुलांसाठी 75, आणि आवाज वाढला की तास झपाट्याने कमी होतात. कानात शिट्टी वाजते म्हणाला तर ईएनटीकडे न्या. आणि झोप, जेवण, मित्र सगळंच सुटत चाललंय, आवडत्या गोष्टीबद्दलही बोलणं बंद झालंय, मरणाचं बोलतोय असं दिसलं तर थांबू नका, समुपदेशक जवळ नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, 14416, मराठीतही बोलतात.