परत कधी शिरायचं, तेही लिही

प्रिय,

तुझ्या गुंतवणुकीच्या नियमांची आणि ते चालवणाऱ्या कोडची फाइल दोनदा वाचली. दर महिनाअखेरीस पाच फंडांचा मागच्या बारा महिन्यांचा परतावा मोजायचा, पहिल्या दोघांत पैसे ठेवायचे, आणि निर्देशांक दहा महिन्यांच्या सरासरीखाली गेला की सगळं रोख्यांच्या फंडात. नियम थोडके आहेत, हे मला फार आवडलं. मोमेंटमचा, म्हणजे चढत्याच्या मागे जाण्याचा, पायाही कच्चा नाही. तीन ते बारा महिने आघाडीवर असलेले शेअर पुढचे काही महिनेही सरासरीने आघाडीवर राहतात, हे जेगदीश आणि टिटमन या संशोधकांनी १९९३ साली अमेरिकी शेअरांवर दाखवून दिलं होतं.

अडलं ते एका ओळीवर. बाहेर कधी पडायचं ते तू दशांशापर्यंत लिहिलंयस. परत कधी शिरायचं तिथे मात्र एवढंच: 'बाजार सावरल्यावर'. सावरला हे ठरवणार कोण? कोडला ते कळत नाही, म्हणजे त्या दिवशी तूच ठरवणार. तो दिवस कसा असतो ते आकड्यांत बघ.

एस अँड पी ५०० हा अमेरिकी शेअर निर्देशांक घे. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस तो २,९५४ वर होता आणि दहा महिनाअखेरच्या भावांची सरासरी ३,०१७ च्या आसपास. नियम म्हणाला, बाहेर. २३ मार्चला निर्देशांक २,२३७ वर आला. नियम पाळणाऱ्याला तेव्हा केवढं हायसं वाटलं असेल! एप्रिलअखेर २,९१२, तरीही सरासरीखाली. मेअखेर ३,०४४, सरासरी ३,००३. नियम म्हणाला, आत. म्हणजे विकलं त्याहून तीन टक्के महाग परत घ्यायचं, खर्च आणि कर वेगळेच. यात नियमाचं काहीच चुकलं नव्हतं. पण एप्रिलभर बाजार चढताना नुसतं बघत बसायचं आणि मग चढ्या भावाला खरेदी करायची, हे फार थोड्यांना जमतं. कुणी एप्रिलमध्येच घाईने शिरतं, कुणी 'आता पुन्हा पडेल' म्हणत वर्षभर बाहेर राहतं.

हाच नियम त्याआधीच्या, २००८ च्या संकटात लावून बघ. २००७ सरता सरता त्याने १,४८० च्या जवळपास बाहेर काढलं असतं आणि जून २००९ च्या अखेरीस ९१९ वर परत आणलं असतं. मार्च २००९ चा तळ त्याला सापडला नसता, तशी गरजही नव्हती. २०२० सारखे फटके हा २००८ सारख्या संकटासाठीच्या विम्याचा हप्ता समज. माझं मत ठाम आहे: बाहेर पडण्याचा जो नियम, तोच उलटा करून आत येण्याचा ठेव, आणि दिवसही तोच, महिनाअखेर.

आता हेजिंग, म्हणजे घसरणीपासून बचाव. घसरणीत इन्व्हर्स फंड घ्यायचा, असं तू लिहिलंयस. ते काढून टाक. असा फंड निर्देशांकाच्या रोजच्या बदलाच्या उलट चालतो, महिन्याच्या नाही. निर्देशांक १०० वरून ९० झाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा १०० झाला, तर ही वाढ ११.११ टक्क्यांची. १०० रुपयांचा फंड आधी ११० वर जातो आणि तिथून ११.११ टक्के पडून ९७.७८ वर येतो. निर्देशांक जागच्या जागी, तुझे सव्वादोन रुपये गेले. पडता बाजार असे हेलकावे घेतच असतो. रोख्यांवरही डोळे मिटून विसंबू नकोस. २०२२ मध्ये व्याजदर भराभर वाढले तेव्हा शेअर आणि रोखे बरोबरीने पडले, त्यातही दीर्घ मुदतीचे रोखे जास्त. म्हणून रोख्यांच्या फंडालाही तीच परीक्षा लाव. तोही सरासरीखाली असेल तर पैसे लिक्विड फंडात, म्हणजे अगदी छोट्या मुदतीच्या रोख्यांच्या फंडात. पुट ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याचा विकत घेतलेला हक्क, सध्या नकोत. प्रीमियम पुन्हा पुन्हा भरावा लागतो, आणि भीती पसरली की तो महागतो.

बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या भावांवर नियम चालवून बघताना, महिनाअखेरच्या भावावर सिग्नल काढून त्याच भावाने खरेदी दाखवली आहेस. तो भाव प्रत्यक्षात हातातून गेलेला असतो, दुसऱ्या दिवसाचा घे. मधल्या काळात बंद पडलेले फंडही यादीत परत आण, नाहीतर निकाल उगाच चांगला दिसतो.

ऑर्डर आपोआप जाव्यात हा तुझा हट्ट मला समजतो. पण १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर व्यवहार कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर जुना कोड राहून गेला आणि पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर गेले. पहिलं वर्षभर कोडने फक्त ऑर्डर तयार करावी, आकडे ताडून बटण तू दाबावंस. पटलं नाही म्हणून ऑर्डर बदलायची मुभा मात्र तुला नाही. एखाद्या फंडाचा भाव आलाच नाही, तर कोडने तो शून्य धरू नये. थांबावं आणि तुला कळवावं.

परत शिरण्याची ओळ लिहिलीस की पाठव. २००७ पासून पुढचे सगळे फेरे त्या ओळीसकट पुन्हा चालव आणि प्रत्येक वेळी विकलेला भाव व परत घेतलेला भाव शेजारी शेजारी मांड. तो तक्ता मला बघायचाय. तोवर खरे पैसे लावू नकोस.