‘फॉर्मिडेबल’ ही स्तुती की टोमणा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लंडनच्या क्लायंटने मेलमध्ये तुमच्या मॅडमना ‘अ फॉर्मिडेबल निगोशिएटर’ म्हटलं, शब्दकोशात अर्थ निघाला ‘भयानक, भीतिदायक’, आणि आता ऑफिसात चर्चा चालू आहे की तो माणूस चिडलाय का.

चिडलेला नाही. मॅडमना मेल दाखवा, खूश होतील.

शब्दकोशही खोटं बोलत नाही म्हणा. लॅटिनमध्ये ‘फॉर्मिडो’ म्हणजे भीती, दहशत, आणि हा शब्द तिथूनच आलेला आहे. पण कोशातला ‘भयानक’ अर्धाच अर्थ सांगतो. आपल्याकडे भीमाचं बघा. ‘भी’ म्हणजे भिणे. भीम म्हणजे ज्याची भीती वाटावी असा. तरी ‘भीमरूपी महारुद्रा’ म्हणताना मारुतीला कोणी भयानक म्हणत नसतं. त्या रूपाचा धाक वाटतो आणि त्याच धाकापोटी हात जोडले जातात. फॉर्मिडेबलमध्ये हे दोन्ही एकत्र असतं.

मी तपासून बघतो ते असं: या शब्दाला कोणीतरी ‘समोरचा’ लागतो. ज्याला त्या माणसाशी, कामाशी किंवा किल्ल्याशी भिडायचं आहे, त्याच्या नजरेतून तो वापरतात. मुरुडचा जंजिरा फॉर्मिडेबल, कारण तो घ्यायचा होता. संभाजी महाराजांनी समुद्रात भराव टाकून वाट करायचा प्रयत्न केला, तरी तो हाती आला नाही. तोच जंजिरा होडीतून बघत ‘काय सुंदर दिसतोय’ म्हणायचं असेल, तर हा शब्द नको. तुमच्या क्लायंटला मॅडमशी दर ठरवायचे होते. टेबलाच्या पलीकडे बसून त्याने घाम पुसला असणार.

अपघात, पूर, वाईट बातमी यांना फॉर्मिडेबल म्हणत नाहीत. तिथे भीती आहे, पण वचकून आदर वाटावा असं काही नाही. उलट वडापाव कितीही झणझणीत असला तरी तोही फॉर्मिडेबल नाही. आपण ‘भयंकर आवडलं’, ‘खतरनाक झालाय’ म्हणतो ना, तसा हा शब्द इंग्रजीत सैल झालेला नाही. फ्रेंचमध्ये मात्र झालाय. तिथे ‘फॉर्मिदाब्ल’ म्हणजे सरळ ‘मस्त, झकास’. मी एकदा इथेच घसरलो होतो. घरी येऊन गेलेल्या एका इंग्रज पाहुण्याला ‘आमच्या आईचा स्वयंपाक फॉर्मिडेबल असतो’ असं लिहिलं. त्याचं उत्तर आलं, की हो, तिसऱ्या पुरणपोळीला मी शरण गेलो. म्हणजे शब्द चुकला तो चुकला, पण अगदीच चुकला नव्हता.

मराठीत याला एकच शब्द शोधत बसू नका, मी अनुवाद करताना त्यात बरेच दिवस घालवले आहेत. सोबतचं नाम बघून ठरवायचं. ‘फॉर्मिडेबल ऑपोनंट’ म्हणजे तगडा किंवा बलाढ्य प्रतिस्पर्धी. ‘फॉर्मिडेबल मेमरी’ला ‘दांडगी स्मरणशक्ती’ इतकं चपखल बसतं की ते आधी मराठीत सुचलं असावं असं वाटतं. ‘टास्क’ किंवा ‘चॅलेंज’ असेल तर ‘अवघड’ म्हणून भागत नाही, छातीवर दडपण आलं पाहिजे. मी बहुतेकदा ‘डोंगराएवढं काम’ लिहितो. ‘रेप्युटेशन’ असेल तर वाक्यच फिरवा आणि ‘त्यांचा दरारा आहे’ म्हणा.

बायकांबद्दल हा शब्द आला की थोडं कान देऊन ऐका. ‘शी इज अ फॉर्मिडेबल वुमन’ म्हणजे आपली ‘खमकी बाई’. बहुतेक वेळा कौतुकच असतं, पण सांगणारा एखाद्या वेळी तिच्याकडून बोलणी खाऊन आलेला असतो. तुमच्या मेलमध्ये पुढे ‘निगोशिएटर’ आहे, म्हणजे दाद कामाला आहे, काळजी नको.

उच्चाराचंही सांगून टाकतो, कारण मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणणारच. आपण लिहितो ‘डेबल’, पण बोलताना ‘टेबल’सारखा ‘डे’ ओढू नका. ‘फॉर्मिडबल’च्या जवळ ठेवा. जोर परंपरेने ‘फॉर’वर देतात. ब्रिटनमध्ये आता ‘मि’वर जोर देणारेही पुष्कळ आहेत, त्यामुळे क्लायंटने तसा उच्चार केला तर त्याला सुधारायला जाऊ नका.

आणि उत्तरात ‘थँक यू, यू आर ऑल्सो फॉर्मिडेबल’ असं कृपा करून लिहू नका. पुढचा दर ठरायचाय अजून.