एंझाइममधला धातू: काम सुरू करण्याआधी

डीएनए दुरुस्तीच्या एंझाइमवर काम सुरू करतोयस, तर आधी एवढंच विचार: यातला धातू रासायनिक क्रिया करतो, की नुसता प्रथिनाचा आकार धरून ठेवतो? एपीई१ या दुरुस्ती-एंझाइमला डीएनएची साखळी कापायला मॅग्नेशियम लागतं. बफरमध्ये ईडीटीए (धातूला पकडून ठेवणारं रसायन) जास्त राहिलं तर चांगलं एंझाइमही मेल्यासारखं वागतं. यात माझे कितीतरी दिवस गेलेत.

झिंकचं तसं नाही. एक्सपीए या दुरुस्ती-प्रथिनात चार सिस्टीन (गंधक असलेली अमिनो आम्लं) त्याला घट्ट धरतात, ते घडण टिकवण्यासाठी. म्हणून सिस्टीन बदलल्यावर काम थांबलं, की लगेच 'ही क्रियेची जागा' असं लिहू नकोस; आधी प्रथिन नीट घडलंय का ते तपास. मला सगळ्यात आवडतो तो रॅड५० या दुरुस्ती-प्रथिनाचा झिंक-हुक: दोन रेणू प्रत्येकी दोन सिस्टीन देतात आणि एकच झिंक अणू दोघांना जोडतो!

म्यूटवाय किंवा एक्सपीडी ही दुरुस्ती-एंझाइमं शुद्ध करताना द्रावण तपकिरी-पिवळसर दिसायला हवं. तो चार लोह, चार गंधकाच्या गुच्छाचा रंग. ४१० नॅनोमीटरच्या आसपासचं शोषण मोजच. रंग फिका असेल तर गुच्छ निसटला असण्याची शक्यता आहे. मग क्रियाशीलतेच्या आकड्यांवर विसंबू नकोस.