मेंटेनन्स करताना पोस्टग्रेस डेटाबेस बंद पडला, आता चालूच होईना, डेटा गेला का?

भाऊ, आधी थांबा, काहीच डिलीट करू नका. तुम्ही लिहिलंय की व्हॅक्यूम फुल (टेबलातली वाया गेलेली जागा मोकळी करणारी कमांड) चालू असताना सर्व्हर पडला, लॉगमध्ये 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येतंय आणि पीजी वॉल फोल्डर लई फुगलाय तर त्यातल्या जुन्या फाइली उडवू का. त्यात वॉल असतं, म्हणजे डेटातल्या प्रत्येक बदलाची आधी केलेली नोंद, सर्व्हर पडला की त्यावरूनच डेटा सावरतो. नका उडवू, हात जोडतो. या फोल्डरचं नाव आधी पीजी एक्सलॉग होतं, साधे लॉग आहेत असं समजून लोक साफ करायचे आणि डेटाबेस घालवून बसायचे, म्हणून तर २०१७ च्या १० व्हर्जनला नाव बदललं.

डेटा बहुतेक जागेवरच आहे. व्हॅक्यूम फुल जुनं टेबल तसंच ठेवून शेजारी नवं लिहितं, जुनं शेवटी सोडतं, त्यामुळं टेबलाएवढी मोकळी जागा लागू शकते, वर वॉल वाढतं ते वेगळं. वॉल लिहायला जागा उरली नाही की पोस्टग्रेस स्वतःच थांबतं.

लातूरच्या मोंढ्यात एका आडतीचं काम माझ्याकडं आहे, ऐन सोयाबीनच्या सीझनला रात्री अकराला असंच पडलं, सकाळी शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढायच्या होत्या आणि मुनीमजी दर दहा मिनिटाला फोन करायलेत. डीएफ (डिस्क किती भरली ते दाखवणारी कमांड) मारलं तर डिस्क १०० टक्के. सर्व्हिस बंदच ठेवून अख्खी डेटा डिरेक्टरी आधी बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी केली, दोन तास गेले पण ते दोन तास वाचवू नका. मग त्याच डिस्कवर पडलेले जुने डम्प (बॅकअप फाइली) हलवून ४० जीबी मोकळे केले, सर्व्हिस चालू केली. लॉगमध्ये 'ऑटोमॅटिक रिकव्हरी इन प्रोग्रेस' आलं की नुसतं बसून राहायचं, कितीबी वेळ लागू द्या, किल मायनस नाइन मारून जबरदस्तीनं बंद करायचं नाही आणि वॉल पुसून टाकणाऱ्या पीजी रीसेटवॉलचं तर नावच काढायचं नाही. पहाटे चालू झालं, शेवटची पट्टी उघडली, कट्टे, वजन, हमाली, तोलाई सगळं कच्च्या वहीशी जुळलं तवा जीव भांड्यात पडला.

वॉल का साचलं ते शोधल्याशिवाय सोडू नका, नाहीतर आठ दिवसात परत तेच. आमच्याकडं रेप्लिका (दुसऱ्या सर्व्हरवरची डेटाबेसची चालती कॉपी) कधीच बंद केली होती पण तिचा स्लॉट (तिनं वॉल कुठवर घेतलं याची नोंद) तसाच राहिलेला, आणि स्लॉट आहे तोवर पोस्टग्रेस वॉल सोडत नाही. पीजी रेप्लिकेशन स्लॉट्स या यादीत ॲक्टिव्ह फॉल्स दिसतोय का बघा, खरंच नको असला तर ड्रॉप करा. व्हर्जन १३ पासून स्लॉटसाठी किती वॉल राखायचं ते ठरवणारी मॅक्स स्लॉट वॉल कीप साइज ही सेटिंग आहे, डीफॉल्टला लिमिट नसते, ती टाकून घ्या. आर्काइव्ह कमांड (वॉल दुसरीकडं जपून ठेवणारी) फेल होत असली तरी वॉल असंच साचतं. रोजच्याला साधं व्हॅक्यूम पुरतं, फुल लावू नका.

लॉगमध्ये 'सिग्नल ९' दिसला तर मात्र मामला रॅमचा असू शकतो, डीमेसेजमध्ये (लिनक्स कर्नलचा लॉग) ओओएम किलर, म्हणजे रॅम संपली की प्रोसेस मारणारा, शोधा.

कॉपी झाली की डीएफचं आउटपुट आणि लॉगच्या शेवटच्या ५० ओळी टाका, मी जागाच आहे.