सर्व्हरवरच्या नोंदी पायथॉनच्या क्लासमध्ये कशा गुंडाळाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सावद्याच्या केळी व्यापाऱ्याच्या गाड्यांच्या नोंदी सर्व्हरवर आहेत, एपीआयकडून जेसन येतं, आणि डिक्शनरीत की शोधत बसण्याऐवजी तुम्हाला सरळ गाडी.वजन, गाडी.शेतकरी.गाव असं लिहायचंय. त्यासाठी __गेटअ‍ॅट्र__ (ऑब्जेक्टमध्ये न सापडलेला गुणधर्म मागितला की पायथॉन बोलावतो ती मेथड) वापरून, गुणधर्म वाचला की सर्व्हरला विचारणारा क्लास करावा का?

क्लास जरूर करा. पण डॉट दिला की नेटवर्कवर धावणारा करू नका.

गाडी.वजन हे वाचणाऱ्याला साधं व्हेरिएबल वाटतं. त्यामागे रिक्वेस्ट लपली की गंमत सुरू होते. दोनशे गाड्यांच्या यादीवर लूप लावून प्रत्येकीचं शेतकरी.गाव छापलं, की यादीची एक आणि शेतकऱ्यांच्या दोनशे रिक्वेस्ट जातात. ऑफिसच्या फायबरवर हे खपून जातं. रावेरकडे बांधावर उभं राहून मोबाइलच्या नेटवर चालवून बघा! शिवाय डीबगरमध्ये ऑब्जेक्ट उघडला किंवा कुणी हॅजअ‍ॅट्र (गुणधर्म आहे का हे तपासणारं फंक्शन) लावलं तरी सर्व्हरला फोन जातो, आणि वजन वाचायच्या ओळीवर टाइमआउटची एक्सेप्शन येते. तिथे कोण ट्राय-एक्सेप्ट लिहिणार? जवळचा आणि दूरचा ऑब्जेक्ट एकसारखा भासवू नये, हे सन मायक्रोसिस्टिम्सच्या जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी १९९४ सालीच मांडलंय.

मी दोन भाग करतो. गाडी हा डेटाक्लास, म्हणजे फक्त माहिती ठेवणारा क्लास (पायथॉन ३.७ पासून आहे), फ्रोझन ठेवलेला, म्हणजे बनल्यावर न बदलणारा. जेसनमधून तो बनवणारी एक क्लासमेथड. तारखेची स्ट्रिंग तिथेच डेटटाइम होते, भाव तिथेच डेसिमल होतो. पैशाला फ्लोट लावायचा नाही, व्यापारी पैशा-पैशाचा हिशेब मागतो. गाडीत शेतकऱ्याचा फक्त आयडी असतो.

दुसरा भाग क्लायंट. रिक्वेस्ट्स या लायब्ररीचं सेशन, टोकन, टाइमआउट सगळं त्याच्याकडे. टाइमआउट स्वतः द्या. ही लायब्ररी आपणहून टाइमआउट लावत नाही, सर्व्हर गप्प बसला तर तुमचा प्रोग्रॅमही बसून राहील. मग क्लायंट.गाडी_आण(आयडी), क्लायंट.शेतकरी_आण(आयडींची यादी). कंस दिसला की कळतं, इथे वेळ जाणार. शेतकरी एकाच रिक्वेस्टमध्ये आणा, एपीआय देत असेल तर.

लिहितानाही तेच: गाडी.भाव = नवा_भाव असं लिहून गुपचूप सर्व्हरवर बदल नको. क्लायंट.भाव_बदल(गाडी, नवा_भाव) करा. दोन मुनीम एकाच गाडीचा भाव बदलत असतील तर सर्व्हरने दिलेला ईटॅग (नोंदीच्या त्या आवृत्तीची खूण) जपून ठेवा आणि इफ-मॅच हेडरमध्ये परत पाठवा. मधल्या काळात नोंद बदलली असेल तर ४१२ (अट पाळली गेली नाही) हा एरर कोड येतो, मग ताजी नोंद आणून माणसाला विचारा. सर्व्हर ईटॅग देत नसेल तर नोंदीत आवृत्तीचा एक रकाना मागून घ्या.

__गेटअ‍ॅट्र__ वाईटच आहे असं नाही. पायथॉनसोबत येणाऱ्या एक्सएमएल-आरपीसीच्या (दूरच्या सर्व्हरवरच्या मेथड बोलावणाऱ्या लायब्ररीच्या) सर्व्हरप्रॉक्सीत मेथडची नावं त्यानेच पकडली जातात, पण तिथे कॉल कंस लावल्यावरच जातो. तुम्ही तसं काही केलंत तर अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या नावांना लगेच अ‍ॅट्रिब्यूटएरर द्या. नाहीतर कॉपी किंवा पिकल (ऑब्जेक्ट साठवून परत उभा करणं) करताना __इनिट__ न चालताच ऑब्जेक्ट बनतो, नोंद ठेवलेला आतला _डेटा सापडत नाही, तो शोधायला पुन्हा __गेटअ‍ॅट्र__ आणि शेवटी रिकर्शनएरर (मेथड स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत राहिल्याची चूक).